रक्त तपासावयास जाण्यापूर्वी
(महिला आरोग्य शिबिरातील भाषण)



'अंगात रक्त कमी आहे' हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिना चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरचेच लोक तिला आळशी म्हणतात. तो आळस आहे की आजार, हे तपासणीनेच कळते. म्हणून ती तपासणी खरी उतरली पाहिजे, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे.

हिमोग्लोबिन रक्त कमी असल्याचे सांगते. का कमी आहे ते सांगत नाही. त्यासाठी लोहाची तपासणी असते. फेरिटिन म्हणजे कणगीतले धान्य, शरीरातील लोहाचा साठा. सीरम आयर्न म्हणजे आज ताटात आलेली भाकर. कणगी रिकामी होत आली तरी ताटात काही काळ भाकर दिसते. म्हणून केवळ हिमोग्लोबिन बरे आले, एवढ्यावर समाधान मानू नये.

आता तयारी कशी करावी ते पाहू. सीरम आयर्न दिवसभरात कमी-जास्त होते, म्हणून रक्त सकाळी, अनशापोटी द्यावे. रात्री वेळेवर जेवावे आणि नंतर आठ ते बारा तास काही खाऊ नये. चहासुद्धा नको, साधे पाणी मात्र अवश्य प्यावे, शीर सापडणे सोपे जाते. केवळ हिमोग्लोबिन किंवा फेरिटिन असेल तर सहसा उपाशी राहण्याची गरज नसते. लॅबमध्ये आधी विचारावे.

सरकारी लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असते. सकाळी गोळी घेऊन रक्त दिले, तर आकडा फुगतो आणि गरजू भगिनीचा रिपोर्ट चांगला दिसतो. म्हणून गोळी किती वेळ आधी थांबवावी हे डॉक्टरांना विचारावे. पुष्कळ ठिकाणी किमान २४ तास सांगतात. रक्त दिल्यावर गोळी पुन्हा सुरू करावी, विशेषतः गरोदर भगिनींनी. इतर औषधे मनाने बंद करू नयेत. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी उपाशी राहण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर तसे सांगावे. अशा वेळी फेरिटिन वाढते. निरोगी प्रौढ व्यक्तीत लिटरला १५ मायक्रोग्रॅमखालील फेरिटिन ही लोहाची कमतरता समजतात. पण संसर्ग असताना जागतिक आरोग्य संघटना ७० ची मर्यादा धरते. नुकतेच रक्त चढवले असेल, लोहाचे इंजेक्शन घेतले असेल, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, पाळीत अंगावरून फार जात असेल, तर तेही न लाजता सांगावे.

'आधीच रक्त कमी, त्यात आणखी काढतात' ही भीती आम्ही नेहमी ऐकतो. भगिनींनो, प्रौढ माणसाच्या अंगात साधारण चार ते पाच लिटर रक्त असते; तपासणीला चमचाभर पुरते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. विदर्भात, आपल्या समाजातही, सिकलसेलचे रुग्ण आहेत. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेनेच होतो असे नाही. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त वारंवार चढवावे लागले, तर लोह अंगात साचून अपाय करते. म्हणून गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेलची तपासणी मागून घ्यावी. १ जुलै २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय अभियानही सुरू झाले आहे.

रिपोर्टचा कागद जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, अर्थ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. घरातील पुरुषांनीही त्या सकाळी चूल सांभाळून तिला लॅबपर्यंत सोबत करावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम.