प्रवाशाची थैली आणि परक्या नगरींतील महागाई

(नभोवाणीवरील भाषण)

आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे तो अर्थशास्त्राचा आहे. पण मी अर्थशास्त्रज्ञ नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि तीस वर्षें शाळेंत गणित व इतिहास शिकविण्यांत घालविलेला मी एक निवृत्त मास्तर आहे. तेव्हां माझ्याकडून आपणांस मोठमोठे सिद्धांत ऐकावयास मिळणार नाहींत. जें त्रैराशिक मीं पिढ्यान् पिढ्या मुलांकडून घोटवून घेतलें, तेंच सोडवितांना माझी स्वतःची फजिती कशी झाली, आणि त्या फजितींतून परक्या शहरांतील खर्चाचा हिशेब कसा करावा हें कसें उमगलें, एवढेंच सांगण्याचा माझा हेतु आहे.

इतिहासाच्या तासाला इ. स. १४५३ हें साल दरवर्षीं येई. त्या सालीं मे महिन्याच्या २९ तारखेस तुर्कांचा सुलतान दुसरा मेहमेद यानें कॉन्स्टँटिनोपल जिंकलें. तेंच आजचें इस्तंबूल. फळ्यावर नकाशा काढून मी मुलांना बॉस्फरसची सामुद्रधुनी दाखवीत असें; इकडे युरोप, तिकडे आशिया, असें छडीच्या टोंकानें समजावून देत असें. मनांत मात्र एक रुखरुख होती कीं, जें आपण स्वतः पाहिलेलें नाहीं तें आपण सांगतों आहोंत. निवृत्त झाल्यावर एकदां तरी तें नगर डोळ्यांनीं पाहावें, असें मी व माझी पत्नी पुष्कळ दिवस म्हणत होतों.

२०२१ च्या डिसेंबरांत तुर्कस्थानचें चलन जो लिरा, तो कोसळल्याच्या बातम्या येऊं लागल्या. सप्टेंबरांत एका डॉलरास साडेआठ लिरांच्या आसपास मिळत; २० डिसेंबर रोजीं ते अठरांच्या वर मिळूं लागले. त्याच रात्रीं सरकारनें ठेवीदारांना विनिमयांतील नुकसान भरून देण्याची योजना जाहीर केली, तेव्हां लिरा कांहींसा सावरला. त्या दिवसांत शेजारच्या बल्गेरियांतील लोक सीमा ओलांडून एदिर्ने शहरीं येत आणि गाड्या भरभरून वाणसामान नेत. हें वाचून मीं एक वही घातली. एका लिरास तेव्हां आपले सुमारें साडेपांच रुपये पडत. प्रवास करून आलेल्या लोकांना विचारून मीं तिकडचे भाव टिपून ठेवले. मसुरीच्या डाळीचें सूप, जें तेथें जेवणाच्या आरंभीं घेतात, त्याची एक वाटी २० लिरांना. म्हणजे ११० रुपये. याप्रमाणें राहणें, जेवणें, फिरणें सर्व मांडलें.

पुढें पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली आणि जाणें लांबलें. २०२४ च्या मे महिन्यांत जाण्याचें ठरलें, तेव्हां मीं पुन्हा वही उघडली. डॉलरास आतां बत्तीस लिरा मिळत होते आणि लिरा अवघ्या दोन रुपये साठ पैशांना पडत होता. मला मोठा हर्ष झाला. वीस लिरांचें सूप आतां ५२ रुपयांना! सगळा खर्च निम्म्याहून खालीं आला. मीं पत्नीस सांगितलें कीं, पैसे एवढे उरणार आहेत कीं, जाण्यापूर्वींच घराच्या छपराचीं कौलें बदलून घेऊं. आणि तीं घेतलींही. बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी, त्यांतलीच ही गोष्ट.

इस्तंबुलांत पहिल्याच सायंकाळीं आम्हीं एका लहानशा खाणावळींत गेलों. भावांच्या पत्रकावर जुन्या आंकड्यांवर नवीन आंकड्यांच्या चिठ्ठ्या डकविलेल्या होत्या. एका चिठ्ठीची कड उचलली तर खालीं दुसरी निघाली. सूपाची वाटी १२० लिरा होती. मीं मनांत गुणाकार केला: ३१२ रुपये. पत्नी वाटींत पाहून हळूच म्हणाली, “अहो, ही तर आपली मसुराची आमटीच. हिचे तीनशें रुपये?” मला उत्तर सुचेना.

चूक कोठें झाली होती? मीं विनिमयाचा दर नवा घेतला आणि भाव मात्र जुना ठेवला. एखाद्या विद्यार्थ्यानें असें केलें असतें तर मीं त्याला बांकावर उभें केलें असतें. शहरांतील वस्तूचा भाव हा एक आंकडा. चलनाचा दर हा दुसरा आंकडा. आणि दोन्ही एकाच दिवसाचे असले तरच त्यांचा गुणाकार खरा. चलन उतरलें म्हणजे शहर स्वस्त झालें, असें आपण सहज बोलून जातों. पण ज्या देशांत चलन उतरतें, तेथें बहुधा भावही चढत असतात. प्रश्न इतकाच कीं, दोहोंत पुढें कोण धांवतो.

तुर्कस्थानांतील एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल. तेथें सरकार किमान वेतन ठरवितें. २०२१ च्या आरंभीं तें हातीं पडतांना महिना २,८२६ लिरा होतें. २०२४ च्या जानेवारींत तें १७,००२ लिरा झालें. म्हणजे लिरांच्या हिशेबानें सहापट. याच तीन वर्षांत डॉलरचा भाव सुमारें साडेसात लिरांवरून तीस लिरांवर गेला, म्हणजे चौपट. आतां सहाला चारांनीं भागा. जो नोकर हॉटेलांत खोली झाडतो किंवा खाणावळींत वाढतो, त्याचें वेतन डॉलरांत मोजलें तर दीडपट झालें. ज्या धंद्यांत मनुष्याच्या श्रमाचा वांटा मोठा, त्या धंद्यांत किंमतीही त्याच दिशेनें जाणार. प्रवाशाचा बहुतेक खर्च अशाच धंद्यांवर होतो. तो कांहीं परगांवीं जाऊन लोखंड विकत घेत नाहीं.

येथेंच हिशेब संपत नाहीं. आपण डॉलर कमावीत नाहीं, रुपये कमावितों. त्या तीन वर्षांत डॉलर ७३ रुपयांवरून ८३ रुपयांवर गेला होता. म्हणून जें अमेरिकन प्रवाशास दीडपट पडलें, तें आपणांस एकास एक रुपया सत्तर पैसे पडलें. लिरा घसरत होता तसा आपला रुपयाही घसरत होता. पण तो आपल्याच खिशांतला असल्यामुळें त्याची घसरण आपल्या लक्षांत येत नाहीं. वाहत्या नावेंत बसलेल्यास कांठच हलतांना दिसतो, तसेंच हें.

कोणी विचारील कीं, भाव इतके चढत असतां लिरा त्याच वेगानें कां उतरला नाहीं? काहीं काळ तो त्याहूनही वेगानें उतरला होता. डिसेंबर २०२१ हा तोच काळ, आणि म्हणूनच तेव्हां बल्गेरियन लोकांची चैन झाली. पण २०२३ च्या निवडणुकीनंतर तेथील मध्यवर्ती बँकेनें व्याजाचा दर साडेआठ टक्क्यांवरून चढवीत चढवीत मार्च २०२४ मध्यें पन्नास टक्क्यांवर नेला. मोठ्या व्याजाच्या आशेनें पैसा लिरांत राहूं लागला आणि लिराची घसरण मंदावली. भाव मात्र आपल्या जुन्या वेगानें चालतच राहिले. २०२४ च्या पहिल्या पांच महिन्यांत डॉलर शेंकडा नऊंच्या आसपास चढला. त्याच पांच महिन्यांत तेथील किंमती सरकारी आंकड्यांप्रमाणें शेंकडा बावीसांहून अधिक चढल्या. या दोहोंतील जें अंतर, तें प्रवाशाच्या थैलींतून वजा होतें.

याच्या उलट उदाहरण टोकियोचें. २०२१ च्या मध्यास एका डॉलरास ११० येन मिळत. २०२४ च्या मध्यास १६० मिळूं लागले. जपानांत भाववाढ त्या मानानें किरकोळ, सालाला दोन-तीन टक्के. चलन उतरलें आणि भाव जवळजवळ जागच्या जागीं राहिले. म्हणून तें महागडें म्हणून गाजलेलें शहर परक्यांना खरोखरच स्वस्त झालें, आणि २०२४ सालीं जपानांत ३ कोटि ६८ लक्षांहून अधिक परदेशी पाहुणे आले. पण तेथेंही जेथें पाहुण्यांची गर्दी उसळली, त्या हॉटेलांचीं भाडीं वर गेलींच. तात्पर्य, इस्तंबूल व टोकियो या दोन्ही ठिकाणीं चलन घसरलें. एक महाग झालें, दुसरें स्वस्त झालें.

आणखी एक गोष्ट माझ्या वहींत नव्हती. परक्या शहरांत सर्वच किंमती तेथील चलनांत ठरत नाहींत. आमच्या निवासाचें भाडें युरोंत होतें. उलट, बोटीचें व ट्रामचें भाडें लिरांत आणि सरकारी दरानें ठरलेलें होतें. एमिनोन्यूच्या धक्क्यावरून उस्कुदारला, म्हणजे युरोपांतून आशियांत, आम्हीं अगदीं थोडक्या पैशांत जाऊं शकलों. माझ्या फळ्यावरच्या रेघेइतक्या अंतरावर दोन खंडें समोरासमोर होतीं. त्या शहरांत आम्हांला परवडलेली उत्तम चैन ती हीच, म्हणून ती आम्हीं तीन वेळां केली.

पण आया सोफियाची गोष्ट निराळी. सम्राट जस्टिनियन यानें सहाव्या शतकांत बांधलेलें हें प्रचंड मंदिर प्रथम चर्च, १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून संग्रहालय आणि २०२० च्या जुलैपासून पुन्हा मशीद झालें. तेव्हांपासून कोणासही प्रवेशशुल्क नव्हतें, म्हणून माझ्या वहींत त्यापुढें शून्य होतें. परंतु २०२४ च्या जानेवारीपासून परदेशी प्रेक्षकांना वरच्या सज्जांतून पाहण्यासाठीं माणशीं २५ युरो बसूं लागले. आमच्या हिशेबीं सव्वादोन हजार रुपये. दोघांचे साडेचार हजार. कौलांनीं खाल्लेली रक्कम मला त्या दारांत आठवली. पत्नी म्हणाली, “तुम्ही जा. तुम्हीं तें इतकीं वर्षें मुलांना सांगितलेंत. मी इथें बांकावर बसतें. माझा गुडघाही दुखतो आहे.” गुडघा दुखत नव्हता, हें आम्हां दोघांनाही ठाऊक होतें. मी गेलों. तो घुमट पाहिला, सोनेरी कांचतुकड्यांचीं चित्रें पाहिलीं; पण जें आयुष्यभर पाहावयाचें ठरविलें होतें तें पाहत असतां माझें चित्त बाहेरच्या बांकावर होतें. परत आल्यावर मीं तिला सर्व वर्णन करून सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “आणि शाळेंत सांगत होतां तसेंच होतें का?” मीं होय म्हटलें. एकाच त्रैराशिकाच्या चुकीची ती किंमत होती.

निघण्याच्या आदल्या रात्रीं आम्हीं पुन्हा त्याच खाणावळींत गेलों. मालक वयस्कर होता. मोडकें इंग्रजी त्यालाही येत होतें, मलाही. मीं चिठ्ठ्यांकडे बोट दाखविलें. तो म्हणाला कीं, एका वर्षांत नोकरांचें वेतन दुप्पट झालें, दुकानाचें भाडें वाढलें, भाजी रोज निराळ्या भावानें येते. भाव बदलतांना मलाच लाज वाटते, कारण जुनीं गिऱ्हाइकें येईनाशीं झालीं आहेत. मग त्यानें मला विचारलें, “तुम्ही आमचें शहर पाहण्याचें कधीं ठरविलेंत?” मीं सांगितलें, २०२१ च्या डिसेंबरांत, तुमचा लिरा पडला तेव्हां. तो हंसला आणि म्हणाला, “त्या महिन्यांत माझ्या बायकोनें बांगड्या विकल्या.”

श्रोते हो, त्या वाक्यानें माझी मान खालीं गेली. ज्या बातमीनें मीं हर्षानें वही उघडली, त्याच बातमीनें त्या घरांतल्या बांगड्या गेल्या होत्या. पाहुण्यास जी स्वस्ताई लाभते ती आकाशांतून पडत नाहीं; ज्यांचें वेतन आणि ज्यांची शिल्लक त्या चलनांत असते, त्यांच्या पदरांतून ती येते. म्हणून परक्या शहरांत भाव चढलेले दिसले तर आपण फसविलों गेलों असें एकदम मानूं नये. पुष्कळदां तेथील मनुष्य केवळ आपलें गेलेलें परत मिळवीत असतो, आणि तेंही सर्वांना मिळतें असें नाहीं.

वेळ संपत आली. आतां व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून पुरें करतों. पहिली ही कीं, परदेशच्या खर्चाचा अंदाज करतांना भाव आणि दर हे दोन्ही त्याच महिन्याचे घ्यावेत. दोन वर्षांपूर्वींचा भाव हा भाव नव्हे, ती आठवण होय. दुसरी, वहींत दोन रकाने पाडावेत: तेथील चलनांत काय द्यावें लागेल आणि युरो-डॉलरांत काय, चलन घसरल्याचा लाभ झालाच तर पहिल्याच रकान्यांत होईल. तिसरी, जेथें चलन रोज उतरतें तेथें सारे पैसे एकदम बदलूं नयेत, आणि विमानतळावर तर गरजेपुरतेच बदलावेत. घेण्याचा व देण्याचा दर यांतील फरक तेथें बहुधा मोठा असतो. दुकानांत कार्डाचें यंत्र “तुमच्या चलनांत कीं आमच्या?” असें विचारील, तेव्हां तेथील चलनच सांगावें, रुपयांत घेण्याच्या सोयीचे पैसे दरांतच वसूल केलेले असतात. आणि चौथी, जी शिल्लक अजून हातीं आलेली नाहीं, तिचीं कौलें घालूं नयेत.

तीं कौलें मात्र चांगलीं निघालीं. गेल्या पावसाळ्यांत घरांत एक थेंब आला नाहीं. पाऊस जोरानें कोसळूं लागला कीं, पत्नी वर पाहून म्हणते, “ही आपली आया सोफिया.” मी कांहीं बोलत नाहीं. पण एका डब्यांत दरमहा थोडी रक्कम टाकीत असतों. ती भरेल तेव्हांचे भाव आणि तेव्हांचा दर पाहून आम्हीं पुन्हा जाऊं, आणि त्या वेळीं बाहेरच्या बांकावर मी बसेन.