ओळख कोणाची, मालकी कोणाची?

चारचौघांत वावरताना माणूस स्वतःची एक प्रतिमा उभी करीत असतो. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५९ साली सामाजिक व्यवहाराला रंगभूमीची उपमा देऊन हेच मांडले होते. मात्र गावच्या पारावर माणूस जी भूमिका वठवी, तिच्यावर कोणी नफा कमावीत नसे. समाजमाध्यमांनी नेमका हा बदल घडवला आहे.

२०१२ साली फेसबुकने इन्स्टाग्राम ही कंपनी सुमारे १०० कोटी डॉलर्सना विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्याकडे अवघे १३ कर्मचारी होते आणि वापरणारे सुमारे ३ कोटी. हे सारे मोल १३ जणांनी निर्माण केले, असे कोण म्हणेल? आपली छायाचित्रे निवडून मांडणाऱ्या कोट्यवधींच्या बिनपगारी श्रमाचा त्यात मोठा वाटा होता. २००९ साली फेसबुकवर ‘लाइक’चे बटण आले आणि समाजाची मान्यता आकड्यांत मोजली जाऊ लागली. ज्या रूपाला आकडा अधिक, तेच पुन्हा वठवण्याची सवय माणसाला जडते आणि त्याच्या आवडीनिवडी जाहिरातदारांच्या कामी येतात. २०२३ साली मेटा कंपनीच्या उत्पन्नापैकी सुमारे ९८ टक्के जाहिरातींचे होते.

तरीही हा सारा दिखाऊपणा आहे, असे म्हणून नाक मुरडणे पुरोगाम्यांना शोभणार नाही. रोहित वेमुला यांच्या २०१६ मधील मृत्यूनंतर पत्रकार यशिका दत्त यांनी वर्षानुवर्षे लपवावी लागलेली आपली दलित ओळख याच माध्यमांतून जाहीर केली. खेड्यापाड्यांतील अनेकांना टिकटॉकने प्रथमच प्रेक्षक मिळवून दिला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉकही होते. बंदी योग्य की अयोग्य, हा प्रश्न वेगळा. पण कष्टाने उभी केलेली ओळख एका आदेशासरशी नाहीशी झाली, कारण जागा परक्याची होती.

युरोपीय संघात २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने नागरिकाला स्वतःची माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हा हक्क नाही. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा गावोगाव नेणाऱ्या चळवळीला ही मागणी परकी वाटू नये. कार्यकर्त्यांनी ती तरुणांच्या सभांतून मांडावी. आपण राबतो कोणासाठी, हा प्रश्न त्यांनाही पडेल.