पडद्यावरचा उजेड-अंधार

नागपूरच्या कोणत्याही वस्तीत उन्हाळ्याच्या सुटीतल्या दुपारी कान दिला, तर कूलरच्या घरघरीतून एक वाक्य हमखास ऐकू येते : “अबे, दिसूनच नाही राहिला तो!” मोबाइलवर किंवा टीव्हीवर खेळ चाललेला असतो. झाडीत नाहीतर पडक्या घराच्या अंधाऱ्या खोलीत दडलेल्या प्रतिस्पर्ध्याने आपल्या गड्याला केव्हाच टिपलेले असते. मग कोणी म्हणते, तुझे हात मंद आहेत. कोणी म्हणते, डोळे तपासून घे. वडील मंडळी म्हणतात, खेळणेच सोड. या तिसऱ्या सल्ल्याविषयी घरोघरी मतभेद आहेत, तेव्हा तो बाजूला ठेवू. पहिल्या दोहोंविषयी मात्र सांगण्याजोगे पुष्कळ आहे. अनेकदा दोष हातांचा नसतो आणि डोळ्यांचाही नसतो. पडदा नीट लावलेला नसतो, इतकेच. तंबोरा लावल्यावाचून गवई गायला बसत नाही. आपण मात्र व्हिडिओ गेम विकत घेतो, किंवा फुकट उतरवून घेतो, आणि दुकानातून आला तसल्या पडद्यावर लगेच खेळू लागतो.

दिसत नाही म्हटले की आपला हात आधी उजेडाकडे जातो. ब्राइटनेसची पट्टी सरळ उजव्या टोकाला जाते आणि तरीही दिसत नाही. याचे कारण असे की डोळा नुसता उजेड पाहत नाही, तो फरक पाहतो. अंधाऱ्या देवघरात एक निरांजन लावले तर सारी खोली पालटते. तेच निरांजन भर दुपारी अंगणात नेऊन ठेवा, ज्योत पेटली आहे की विझली हेही चटकन कळत नाही. ज्योत तीच, पण भोवतालच्या मानाने तिची वाढ क्षुल्लक. जर्मन शास्त्रज्ञ फेख्नर यांनी १८६० मध्ये हीच गोष्ट गणिताच्या भाषेत मांडली. उजेड किती वाढला यापेक्षा तो आधीच्या मानाने किती पट वाढला, हे आपल्या इंद्रियांना कळते.

याचा हिशेब करून पाहा. समजा, पडद्यावरच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून १ भाग उजेड येतो आणि उजळ भिंतीतून १०० भाग. फरक शंभरपट. आता खिडकीतल्या उन्हाची झाक काचेवर पडली आणि पडद्यावर सगळीकडे सारखे १०० भाग मिसळले. कोपऱ्यातून आता १०१ भाग येतात, भिंतीतून २००. शंभरपटीचा फरक जेमतेम दुपटीवर आला. कोपऱ्यात उभा असलेला माणूस याच फरकातून दिसायचा होता, तो आता कुठून दिसणार? म्हणून पडद्याची एकही कळ फिरवण्याआधी खोली पाहावी. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, घरातल्या दिव्याखाली दोन-तीनशे. मोबाइलचा पडदा कितीही भारी असला तरी त्या लाखाशी झुंजायला तो केलेला नाही. खिडकी पाठीमागे ठेवून बसू नये. ती बाजूला असावी.

नागपूरच्या उन्हाळ्यात याच्या नेमकी उलटी परिस्थितीही असते. खिडकीत कूलर, बाकीच्या खिडक्यांना जाड पडदे, दारे लावलेली. अशा काळोख्या खोलीत पडदा पूर्ण तेजावर ठेवला, तर बाहुली आकसते आणि चित्रातले अंधारे भाग अधिकच बुडतात. त्यात कोणी नुकताच उन्हातून आलेला असेल, तर त्याच्या डोळ्यांना काळोखाची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. आल्या आल्या तो हरला, तर त्यात नवल नाही. अशा खोलीत पडद्याचे तेज उतरवावे आणि पडद्यामागे, भिंतीकडे तोंड करून, एखादा मंद दिवा लावावा. डोळा निवतो आणि पडद्यावर झाकही पडत नाही.

मोबाइलच्या बाबतीत आपल्या हवेचा आणखी एक जाच आहे. आयफोन तयार करणारी कंपनीच सांगते की हे यंत्र ० ते ३५ अंश तापमानात वापरावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसाला जातो. फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो दोन गोष्टी करतो : पडद्याचे तेज आपोआप उतरवतो आणि आतल्या गणकयंत्राचा वेग कमी करतो. पडदा मंदावला म्हणून आपण तेज वाढवतो, तेजामुळे फोन आणखी तापतो, आणि तापला म्हणून तो पुन्हा मंदावतो. आगीत तेल ओतण्याचाच हा प्रकार. यातून सुटण्याची वाट उलट दिशेने जाते. चित्राची श्रीमंती कमी करावी, म्हणजे यंत्राला कष्ट कमी पडतात, ते कमी तापते, आणि तेज टिकून राहते. जाड कव्हर काढावे आणि चार्जिंगला लावून खेळू नये.

आता टीव्हीकडे वळू. सीताबर्डीच्या दुकानात टीव्ही भगभगीत दिव्यांखाली मांडलेला असतो, म्हणून तेथे तो ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ नावाच्या भडक रूपात ठेवतात. घरी आणल्यावर पुष्कळ जण तसाच चालू ठेवतात. त्या रूपात रंग डोळ्यांत भरतात, पण उजळ आणि काळोख्या भागांतले बारकावे खलास होतात. खेळण्यासाठी टीव्हीत ‘गेम मोड’ असतो, तो लावावा. चित्रावरची अनावश्यक प्रक्रिया त्यात थांबते, आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा विलंबही घटतो. आणखी एक घोटाळा नावाचा आहे. मोबाइलवर ब्राइटनेस म्हणजे पडद्याचे एकूण तेज. अनेक टीव्हींवर मात्र ते काम ‘बॅकलाइट’ नावाची कळ करते, आणि ब्राइटनेसची कळ काळा रंग किती काळा असावा एवढेच ठरवते. ती फार खाली नेली की अंधारातले सारे एकाच काजळात जाते.

प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा संगणक टीव्हीला जोडला असेल, तर आणखी एक जागा तपासावी. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या संगणक ० ते २५५ अशा मोजतो, तर टीव्हीच्या प्रसारणाची जुनी रीत १६ ते २३५ अशी आहे. पाठवणारे यंत्र एका रीतीने बोलले आणि टीव्हीने दुसऱ्या रीतीने ऐकले, की गडबड होते. एका प्रकारात अंधारातल्या खालच्या पायऱ्या सपाट काळ्या होतात. दुसऱ्या प्रकारात सगळे चित्र राख फासल्यासारखे दिसते. ‘आरजीबी रेंज’ किंवा ‘ब्लॅक लेव्हल’ या नावाची निवड दोन्ही यंत्रांत सारखी ठेवली म्हणजे काम झाले. हा दोष ठाऊक नसल्यामुळे किती तरी लोक वर्षानुवर्षे गॅमाशी झगडत बसतात.

हा गॅमा म्हणजे काय? खेळ प्रथम सुरू केला की पुष्कळदा एक काळी पाटी येते आणि सांगते, मधले चिन्ह जेमतेम दिसेल इतपत पट्टी सरकवा. घाईने आपण ती तशीच पुढे ढकलतो. वास्तविक सगळ्या सेटिंग्जमध्ये हिचे मोल मोठे. गॅमा शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा जागच्या जागी ठेवून मधल्या छटा तेवढ्या वर किंवा खाली नेतो. अंधारात दडलेला माणूस या मधल्या छटांतच असतो. ही पाटी ज्या खोलीत, ज्या वेळी आपण खेळतो, त्याच उजेडात लावावी. दुपारी लावलेला गॅमा रात्री जास्त वाटला तर पुन्हा लावावा. मात्र हावरेपणा नको. पट्टी फार वर नेली की काळा रंग करडा होतो, चित्र पाणी घातलेल्या ताकासारखे होते, आणि ज्या फरकासाठी धडपड केली तोच हरवतो.

यानंतर खेळातली ग्राफिक्सची यादी उघडावी. मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, ब्लूम, डेप्थ ऑफ फील्ड, क्रोमॅटिक ॲबरेशन अशी भारदस्त नावे तेथे दिसतील. यांतली बहुतेक मंडळी म्हणजे कॅमेऱ्याच्या उणिवांची नक्कल आहे. वेगाने फिरवलेल्या कॅमेऱ्यात चित्र फिसकटते, फिल्मवर रवे दिसतात, भिंगाच्या कडेला रंग फाटतात. छायाचित्रकारांनी ज्या दोषांशी शंभर वर्षे झुंज दिली, ते येथे हौसेने आणून बसवले आहेत. सिनेमासारखे वाटावे म्हणून ते ठीक. स्पर्धेत पाहायचे असेल तर बिनदिक्कत बंद करावेत. सावल्या आणि दूरचे गवतही खालच्या दर्जावर ठेवावे. पडद्याचे रिझोल्यूशन मात्र त्याच्या मूळ मापाचेच असावे, नाहीतर सगळ्या कडा मऊ पडतात आणि दूरचा माणूस ठिपक्यात विरघळतो.

यातून वाचलेली यंत्राची शक्ती चित्रांच्या वेगावर खर्च करावी. सेकंदाला ३० चित्रे येत असतील तर दोन चित्रांमध्ये ३३ सहस्रांश सेकंद जातात. ६० येत असतील तर १७ हून कमी. झपाट्याने पळणाऱ्याची कड दुसऱ्या प्रकारात स्पष्ट राहते. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ पासून काही महिने बंद राहिला आणि २०२३ मध्ये परत सुरू झाला. तो मुरलेल्या हातांनी खेळणारे पाहा. ग्राफिक्स ‘स्मूथ’वर, म्हणजे सर्वांत साध्या पायरीवर, आणि फ्रेमचा वेग यंत्राला झेपेल तेवढा वर, अशीच त्यांची निवड असते. महागडा फोन असूनही चित्र साधे का, असे घरचे विचारतात. उत्तर हेच, की त्यांना चित्र पाहायचे नसून माणूस पाहायचा असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घ्यावासा वाटला, ती सांगतो. वरचे सगळे केले, तरी एखाद्या मुलाला लाल आणि हिरवी खूण वेगळी दिसतच नाही. तो आपल्याच गड्यावर नेम धरतो. बाकीचे त्याला हसतात, खेळातून काढतात, आणि तोही स्वतःला बावळट समजू लागतो. असा मुलगा बावळट नसतो. त्याला रंगांधत्व असू शकते. लाल-हिरव्याचे हे वैगुण्य एक्स गुणसूत्रावरून येते, म्हणून ते मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक. जन्मापासून जग असेच दिसत असल्याने त्या मुलाला स्वतःहून काहीच कळत नाही.

नागपूर हे रेल्वेचे गाव आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. स्वीडनमध्ये लागेरलुंडा येथे १८७५ मध्ये दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर होल्मग्रेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने रेल्वेच्या नोकरांना रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला लावून त्यांची दृष्टी तपासण्याची रीत घातली. जपानच्या शिनोबु इशिहारा यांनी १९१७ मध्ये रंगीत ठिपक्यांत अंक लपवलेल्या पाट्या प्रसिद्ध केल्या. त्या आजही वापरात आहेत. इंजीन चालवण्याचे स्वप्न उराशी धरून अभ्यास केलेल्या उमेदवाराला भरतीच्या वैद्यकीय तपासणीत, विशीत आल्यावर, प्रथमच कळावे की आपल्याला लाल-हिरवा ओळखता येत नाही, हे किती दुःखाचे! दहाव्या वर्षी कळले असते, तर त्याने वाट वेळेवर बदलली असती. तेव्हा मुलगा खेळताना रंगांतच वारंवार चुकत असेल, तर त्याला रागावू नका. मेडिकलच्या किंवा मेयोच्या नेत्रविभागात, अथवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे नेऊन ती पाट्यांची तपासणी करून घ्या. काही मिनिटांचे काम आहे.

आणि त्याचा खेळ थांबवू नका. पुष्कळ खेळांच्या यादीत ‘कलर ब्लाइंड मोड’ असतो. त्यात प्रोटॅनोपिया, ड्यूटरॅनोपिया आणि ट्रायटॅनोपिया अशी तीन नावे दिसतील. पहिली दोन लाल-हिरव्याच्या घोटाळ्यासाठी, तिसरे निळ्या-पिवळ्याच्या. याने दृष्टी सुधारत नाही, पण खुणांचे रंग असे बदलतात की त्या मुलालाही त्या वेगळ्या दिसाव्यात. तिन्ही आळीपाळीने लावून त्यालाच विचारावे, कोणते बरे दिसते. २०२० मध्ये आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या खेळात तर साठांहून अधिक सोयी आहेत. त्यांतली एक लावली की परिसर करडा होतो आणि मित्र एका ठळक रंगात, शत्रू दुसऱ्यात उभे राहतात. या सोयी घेण्यात लबाडी नाही. खेळाच्या यादीतून जे मिळते ते सर्वांना मिळते. खेळाच्या फायली बदलून गवत किंवा भिंती नाहीशा करणे ही मात्र चोरी आहे, आणि त्यात खाते कायमचे बंद होऊ शकते.

हे सारे एका दिवसात करू नका. आधी खोली, मग पडदा, मग खेळाची यादी, असा क्रम ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस त्यावर खेळून पाहा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. वीस मिनिटांनी डोळे वर करून वीसेक सेकंद वीस फुटांपलीकडचे काही पाहा, आणि पापण्या मिटत राहा. कथा सांगणारा एखादा खेळ असेल, तर त्यातला अंधार मात्र थोडा राहू द्या. तो रचणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो. आणि घरातल्या वडील मंडळींनी एकदा तरी मुलाशेजारी बसून त्याच्या पडद्याकडे पाहावे आणि विचारावे, “तुले काय दिसून राहिलं, सांग बरं.” त्या उत्तरातून खेळापलीकडचेही काही समजण्याचा संभव आहे.