वाटेची किंमत आणि किमतीची मर्यादा



इंटरनेटवरचं एखादं पॅकेट कोणत्या वाटेनं जाणार, हे एका ठिकाणी बसून कुणी ठरवत नाही. लिंक-स्टेट पद्धतीत प्रत्येक राउटर आपल्या लिंक आणि त्यांच्या किमती जाळ्यातल्या सगळ्या राउटरांना कळवतो. त्यातून प्रत्येकाजवळ जाळ्याचा तोच नकाशा तयार होतो आणि त्यावर जो तो आपापलं गणित करतो. हे गणित एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलं. स्वतःपासून निघायचं, हाती आलेल्या बेरजांपैकी सर्वांत लहान बेरजेचा राउटर पक्का करायचा, त्याच्या पुढच्या लिंकच्या किमती त्या बेरजेत मिळवायच्या, आणि सगळे पक्के होईपर्यंत हेच करत राहायचं. एकदा पक्का झालेला राउटर पुन्हा तपासावा लागत नाही, कारण किमती ऋण नसतील तर पुढे जाऊन बेरीज घटणं शक्यच नसतं. म्हणजे गणिताचा श्रीगणेशा होण्याआधीच किमतीवर एक अट पडलेली असते. माझं म्हणणं याच अटीपासून सुरू होतं. लिंकची किंमत हे सर्वांनी मिळून निर्णय घेण्याचं साधन आहे, आणि ती किती वाढावी, किती वेगानं बदलावी, ‘रस्ता बंद’ कधी म्हणावं, याला हद्द घातली म्हणूनच ते साधन कामाला येतं.

याचा सर्वांत बोलका पुरावा आर्पानेट या अमेरिकेतल्या इंटरनेटपूर्व जाळ्यात सापडतो. मे १९७९ मध्ये तिथे जॉन मॅक्विलन, इरा रिचर आणि एरिक रोझेन यांची लिंक-स्टेट पद्धत लागू झाली. पॅकेटला लागणारा प्रत्यक्ष वेळ मोजायचा, दहा सेकंदांची सरासरी काढायची, आणि मोठा फरक पडला की तीच किंमत म्हणून जाहीर करायची. याहून प्रामाणिक मोजमाप कोणतं? वाहतूक हलकी होती तोवर सगळं सुरळीत चाललं. भार वाढला तेव्हा मात्र एखादी लिंक भरली की तिची किंमत भडकायची आणि एकाच नकाशावर एकच गणित करणारे सगळे राउटर एकदम तिच्यावरून उठायचे. ती ओस पडायची, स्वस्त व्हायची, आणि पुढच्या फेरीत पुन्हा सगळे तिच्यावर लोटायचे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे तुंबल्याची खबर प्रत्येक गाडीला एकाच क्षणी मिळाली आणि प्रत्येकीनं जुना हायवे धरला, तर दोन्ही रस्त्यांचं जे होईल, तेच हे. मोजमाप खरं होतं, पण जाहीर होताच ते खोटं ठरत होतं. शिवाय ९.६ किलोबिटची भरलेली लिंक ५६ किलोबिटच्या मोकळ्या लिंकपेक्षा १२७ पट महाग दिसू शकत होती. ती एक लिंक टाळण्यासाठी १२६ टप्प्यांचा वळसासुद्धा गणिताला स्वस्त वाटला असता.

अतुल खन्ना आणि जॉन झिंकी यांनी १९८९ च्या निबंधात यावरची दुरुस्ती मांडली. तिच्यात मोजमाप अधिक अचूक करण्यावर भर नव्हता. तिनं किमतीला लगाम घातला. लिंक कितीही भरली तरी तिची किंमत मोकळ्या वेळच्या तिपटीपलीकडे जाणार नाही. जाळ्यातली सर्वांत महाग लिंक सर्वांत स्वस्त लिंकच्या सातपटीपेक्षा महाग असणार नाही. एका घोषणेत किंमत थोडीच हलेल, आणि भार मध्यम होईपर्यंत ती बदलणारच नाही. यामुळे वाहतूक एकदम न पळता थोडीथोडी सरकू लागली.

यावर पहिला आक्षेप असा, की मर्यादा घातली की माहिती हरवते. हा आक्षेप निराधार नाही. आयएस-आयएस या लिंक-स्टेट प्रोटोकॉलच्या मूळ रूपात एका लिंकची किंमत ६३ पर्यंत आणि पूर्ण वाटेची १०२३ पर्यंतच जाऊ शकत होती. त्यामागे कारण होतं. बेरीज इतक्याच घरात राहणार हे आधी ठाऊक असलं, तर प्रत्येक संभाव्य बेरजेसाठी एक कप्पा ठेवून सर्वांत लहान बेरीज झटकन उचलता येते. पण प्रत्येकी ६३ किमतीच्या १७ लिंक ओळीनं आल्या की बेरीज १०७१ होते, म्हणजे हद्द ओलांडली. ओएसपीएफ या दुसऱ्या लिंक-स्टेट प्रोटोकॉलमध्ये अनेक ठिकाणी १०० मेगाबिटला १ किंमत धरून बाकीच्या काढायची प्रथा पडली. किंमत पूर्णांकातच आणि १ च्या खाली जात नाही, त्यामुळे १०० मेगाबिट आणि १० गिगाबिट या दोन्ही लिंक सारख्याच ठरू लागल्या. इथे दोष आहेच, पण तो मर्यादेच्या मापाचा आहे. माप जुनं झालं की बदलावं, आणि ते बदललंही गेलं: आयएस-आयएसमध्ये लिंकच्या किमतीला पुढे २४ बिट मिळाले.

दुसरा आक्षेप याच्याच पुढचा आहे. प्रोसेसर वेगवान झाले, बिट स्वस्त झाले, मग मर्यादा हवीच कशाला? याचं उत्तर त्या २४ बिटांच्या रचनेतच आहे. बेरजेसाठी ३२ बिट धरले, तर ४,२९,४९,६७,२९५ या आकड्यात एक मिळवताच शून्य येतं आणि सर्वांत दूरची वाट सर्वांत जवळची ठरते. म्हणून आयएस-आयएसमध्ये वाटेच्या किमतीची कमाल ४,२६,१४,१२,८६४ ठरवली गेली. तिच्यात आणखी कोणत्याही एका लिंकची किंमत मिळवली तरी आकडा ३२ बिटांबाहेर जात नाही. बिट वाढवले की कडा पुढे सरकते, नाहीशी होत नाही. शिवाय ‘फार महाग’ आणि ‘बंद’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याच लागतात. ओएसपीएफमध्ये लिंकची कमाल किंमत ६५,५३५ आहे, आणि ‘पोचता येत नाही’ याची खूण १,६७,७७,२१५ आहे. दुरुस्तीसाठी बाजूला काढायचा राउटर आपल्या लिंक ६५,५३५ ला जाहीर करतो. दुसरी वाट असेल तर वाहतूक तिकडे वळते, नसेल तर याच्यातूनच जाते. कमाल आणि अनंत यांत अंतर नसतं, तर ही सोय मिळाली नसती.

तिसरा आक्षेप गंभीर आहे: आजच्या बहुतेक जाळ्यांत अभियंत्यानं दिलेली किंमत स्थिरच राहते, मग गर्दीकडे काणाडोळा होतो. बर्नार्ड फोर्ट्झ आणि मिकेल थोरुप यांनी २००० साली एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्या नियोजित जाळ्यावर हे तपासलं. अपेक्षित वाहतूक पाहून स्थिर किमती नीट निवडल्या, तर निकाल सर्वोत्तम शक्य वाटणीच्या काही टक्क्यांच्या आत येत होता. अशा किमती निवडणं सोपं नाही, आणि वाहतूक अचानक बदलली तर निवड चुकूही शकते. पण ही जोखीम आर्पानेटच्या हेलकाव्यांपेक्षा सावकाश येते आणि माणसाला दिसते.

तेव्हा कोणत्याही मर्यादेची परीक्षा एकाच प्रश्नानं घ्यावी: ती कोणता बिघाड थोपवते? कप्प्यांच्या सोयीसाठी घातलेली ६३ ची हद्द ते कारण सरल्यावर उठली, हे योग्यच झालं. शून्यावर उलटणारी बेरीज आणि एकाच वेळी धावणारे राउटर हे धोके मात्र आजही तसेच आहेत. म्हणून त्यांच्यासाठीच्या मर्यादांचा आकडा बदलेल, गरज संपणार नाही.