आपले श्रम आणि आपले अन्न
(विश्वकर्मा जयंतीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात आहार या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत खडू झिजविलेले शिक्षक आहोत. तेव्हा औषधोपचार सांगण्याचा अधिकार आमचा नाही. जे घरात पाहिले आणि पुढे पुस्तकांतून पडताळून घेतले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

आपला व्यवसाय सुताराचा. आमचे वडील खेड्यात बलुतेदारी करीत. नांगर, तिफण, बैलगाडीची चाके यांवर त्यांचा वाकस आणि करवत दिवसभर चाले. सुगीत खळ्यावर ज्वारी, तूर, हरभरा मिळे. तेच वर्षाचे अन्न. एका बैठकीस पाच भाकरी खाऊनही त्यांचे पोट पाठीस लागलेले असे, आणि त्यात नवल काही नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या कोष्टकाप्रमाणे, ६५ किलो वजनाच्या व जड श्रम करणाऱ्या पुरुषास रोज ३,४७० किलोकॅलरी लागतात. तेवढ्याच वजनाच्या बैठे काम करणाऱ्यास २,११० पुरतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे २,७२० आणि १,६६० असे आहेत. हिशेब सोपा आहे. जेथे वडील पाच भाकरी खात, तेथे खुर्चीवर बसणाऱ्या मुलाने तीन खाव्यात.

आमचे थोरले बंधू अण्णा यांनी तालुक्याच्या गावी फर्निचरचे दुकान काढले. करवत यंत्राची आली, रंधा यंत्राचा आला, आणि अण्णा बहुतेक वेळ गल्ल्यावर बसू लागले. जेवणाचे माप मात्र वडिलांचेच राहिले. भाकरी जाऊन गव्हाची पोळी आली, पांढऱ्या भाताचा ढीग वाढला, आणि गिऱ्हाइकाबरोबर दिवसातून सहा वेळा चहा सुरू झाला. एके दिवशी पटाशी निसटून त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यास लागली. फारसे दुखले नाही, म्हणून त्यांनी चिंधी बांधली आणि विसरून गेले. ते दुखले का नाही, हे आम्हांस फार उशिरा कळले. रक्तातील वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या आणि रक्ताचा पुरवठाही मंदावला होता. जखम काळी पडली तेव्हा रक्त तपासले. घरात मधुमेह आहे, हे त्या दिवशी प्रथम समजले. अंगठा आणि शेजारचे बोट काढावे लागले. सुताराच्या पायाचा अंगठा म्हणजे काय, हे या सभेत सांगणे न लगे. बैठकीत लाकूड दाबून धरावयाचे ते त्यानेच. अण्णा पुढे नऊ वर्षे जगले, परंतु हत्यारास त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

ही एका घराची गोष्ट नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि १३ कोटींहून अधिक माणसे त्या उंबरठ्यावर उभी आहेत. उंबरठ्यावरून परत फिरता येते, ही मात्र दिलाशाची बाब. चेन्नईच्या डॉक्टरांनी अशा लोकांस केवळ मोजका आहार व नित्य चालणे सांगून पाहिले. तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण चौथाईहून अधिक घटल्याचे त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केले.

आता आपल्या ताटाकडे पाहू. एका कपात दोन चमचे साखर धरली, तर सहा कपांत ६० ग्रॅम होते. दिवसाची मर्यादा २५ ते ३० ग्रॅम सांगितली आहे, म्हणजे मिठाईस स्पर्श न करता माणूस दुप्पट साखर खाऊन बसतो! एकादशीचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यास आपण उपवास म्हणतो. मीठ दिवसाकाठी एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, पुरे. पापड आणि लोणचे त्याच हिशेबात धरावे.

उलट जे वाढावयास हवे ते घटले आहे. ६५ किलोच्या माणसास रोज ५४ ग्रॅम प्रथिने हवीत. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ती सातच ग्रॅम असतात; मग पाण्यासारख्या आमटीने ही गरज कशी भागावी? उसळ, दूध-दही, ज्यांस चालते त्यांनी अंडी-मासे, यांस ताटात जागा द्यावी. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याचा मागमूसही नसल्यासारखाच. मात्र कोणी भाकरीस औषध समजू नये. पाच खाल्ल्या तर ज्वारीनेही साखर वाढणारच.

भगिनींविषयी एक बोलणे प्राप्त आहे. लोह पुरुषास रोज १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीस २९ लागते. आणि आपल्या घरांत उसळ संपल्यावर जेवावयास बसते ती स्त्रीच. तिला घरातल्यांबरोबर बसवावे, पानात लिंबाची फोड असावी, आणि जेवणास लागून चहा घेऊ नये, कारण त्याने लोह अंगी लागत नाही.

आपणांपैकी पुष्कळांच्या खिशात मोजपट्टी असते. तीच पोटाभोवती धरा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरहून आणि स्त्रीची ८० हून अधिक भरली, तर काही दुखत नसले तरी रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी साखर १२६ वा त्याहून अधिक निघाली तर पुन्हा तपासून खात्री करून घ्यावी व डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे.

शेवटी थोडे कटू बोलतो, त्याची क्षमा असावी. पाय कापल्यानंतर दुसऱ्याच वर्षी एका ज्ञातिभोजनात अण्णांच्या पानात चार जिलब्या आग्रहाने वाढल्या गेल्या. वाढणारा प्रेमानेच वाढत होता, आणि अण्णांस नको म्हणवले नाही. आम्ही शेजारीच होतो. आम्हीही काही बोललो नाही.

म्हणून पुढील वर्षाच्या मेळाव्यासाठी एक ठराव मांडतो: पंक्तीत आग्रह करू नये, गोड पदार्थ एकच, तोही मागेल त्यासच, भाकरी, उसळ व कोशिंबीर असावी, आणि भोजनापूर्वी सकाळी रक्त व रक्तदाब तपासण्याची सोय असावी. यामुळे मेळाव्याची शोभा जाईल असे भोजन समितीतील काही मंडळींचे मत आहे. त्यांनी ते खुशाल सभेपुढे मांडावे. अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आज येथे आल्या आहेत. ठरावास अनुमोदन देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. त्यांस व्यासपीठावर येण्याची विनंती करून आम्ही आपली जागा घेतो.