व्हेज ना?

बेंगळुरूत खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘व्हेज ना?’ आडनाव न विचारता जात काढायची ही रीत.

तमिळ शेजारणीकडून मी करुवाट्टु कुळंबु शिकले. तिळाच्या तेलात मेथीदाणे, छोटे कांदे, लसूण परतायचे. वांगी, तिखट, चिंचेचा कोळ घालून उकळायचं. धुतलेला खारा मासा शेवटी, नाहीतर मोडतो. आपल्या सुकटीचीच ही बहीण. शाहू पाटोळेंनी मराठवाड्यातल्या दलितांचं असं अन्न ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये नोंदवून ठेवलंय.

करार करण्याआधीच सांगा, ‘आमच्याकडे सुकट शिजते.’ एखादी खोली हातची जाईल. पण मिळेल तिथे खिडक्या लावून जेवावं लागणार नाही.