पाणी कुठल्या गल्लीत शिरेल?

आपल्या गटातल्या एका ताईंचा मुलगा मुंबईत, कुर्ल्याला तळमजल्यावर राहतो. तिकडे पाऊस लागला की ताई मला विचारतात, "अगं, टीव्हीवाले नुसतं 'मुसळधार' म्हणतात. माझ्या पोराच्या गल्लीत पाणी शिरेल का, ते का सांगत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तीन फुटांहून जास्त. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३! शहर एकच, पण 'मुंबईत पाऊस' एवढं सांगून काय कळणार?

गल्लीगल्लीचा हिशेब करता येतो. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. संगणक शहराचे तसे बारीक चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनातलं पाणी कुठे उतरेल, गटारात किती जाईल, भरतीमुळे किती अडेल, हे क्षणाक्षणाला मोजतो. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि मोजणीही दुप्पट वेळा करावी लागते. काम आठपट! मोठ्या शहराला तासन्‌तास लागतात. तोवर पाणी घरात.

इथे 'डीप लर्निंग' कामी येतं. उसाला दारं धरणारी जुनी बाई बघा. ती मोजत बसत नाही. पाटाला पाणी आलं की सांगते, कुठला बांध फुटणार. वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं ना! तसंच, एवढा पाऊस, अशी भरती, तर इथे गुडघाभर पाणी, असे शेकडो सावकाश केलेले हिशेब संगणकाला आधीच दाखवून ठेवतात. ही शिकवणी पावसाळ्याआधी उरकायची. मग ऐन पावसात तो काही सेकंदांत अंदाज देतो.

पण रातोरात कुणी नवा बांध घातला, तर त्या बाईचाही अंदाज चुकतो. नाल्यात प्लास्टिक तुंबलं, कुठे भराव पडला, तर ते संगणकाला कुणीतरी कळवायला हवं. आणि २००५ सारखा पाऊस त्याला शिकवलाच नसेल, तर त्याचं उत्तर पक्कं धरू नये. वेगाचं कौतुक करताना ही बाजूही सांगायला हवी.

ताईंना हे सांगितलं, तर त्यांनी लगेच मुलाला फोन लावला. "यंदा पाणी शिरलं तर कुठवर आलं, किती वाजता आलं, ते भिंतीवर लिहून ठेव, फोटो काढ. तसल्या खुणांवरूनही हिशेब खरा की खोटा ते तपासतात म्हणे."

तो म्हणाला, "आई, घरमालक ओरडेल."

"मग कोळशानं लिही. पुसता येतं."